चोवीसच्या बोटीतली मधली वायर

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सुभाषराव, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं येऊ द्या. बोटींच्या गमतीजमती." गमती आहेत, नाही असं नाही. एका बोटमालकानं मला फिश-फाइंडर दुरुस्त करायला बोलावलं होतं. तक्रार काय, तर मशीनमध्ये मासळी दिसते पण जाळ्यात येत नाही! असले नग पुष्कळ भेटले. पण लिहायला बसलो की मला पास्कू आठवतो आणि डोकं फिरतं. तेव्हा हलकंफुलकं दुसऱ्या कुणाकडून तरी घ्या.

मी बोटीचा वायरमन. बोरिवलीला, गोराईच्या फेरीबोटी सुटतात त्या जेट्टीपासून चालत जाण्याच्या अंतरावर माझं दुकान होतं. वडील मंगळवेढ्याकडून आले आणि मुलुंडच्या एका कारखान्यात लागले. आमच्या घरात समुद्राशी कुणाचा काडीचाही संबंध नव्हता. मला अजून पोहता येत नाही. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो, ओळखीनं एका फेरीबोटीचा दिवा दुरुस्त करायला गेलो आणि तिथंच चिकटलो. पुढं सगळं आयुष्य बोटींच्या पोटात वाकून गेलं. कंबर त्याचीच पावती देते आहे.

लोक विचारतात, बोटीत वायरमनचं एवढं काय काम? तुमच्या घरात दोनशेतीस व्होल्ट येतं. ते कुणी ठरवलं, का ठरवलं, तुम्हाला कुणी विचारलं नाही. बोटीत तसं नसतं. तिथं वीज बॅटरीतून येते, आणि बोट किती व्होल्टची करायची हे बांधतानाच ठरवावं लागतं. बारा की चोवीस, हा आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न. तिथं चुकलात की पुढं सगळं निस्तरत बसायचं.

लहान होडी, लहान इंजिन, चार दिवे असतील तर बारा. वाद नको. बाराचं सामान गाडीच्या कुठल्याही दुकानात मिळतं, बॅटरी एकच लागते, खर्च आटोपशीर. पण बोट मोठी झाली की गणित फिरतं. काम तेवढंच करायचं आणि व्होल्ट निम्मे ठेवायचे, तर वायरीतून करंट दुप्पट जातो. दुप्पट करंटला जाड वायर पाहिजे. ती कुणी घालत नाही, मग वायर तापते, आणि नाळेवरच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, दिव्यापर्यंत पोचेपर्यंत वीज अर्धमेली होते. त्यात खारी हवा तांब्याला खाऊन टाकते. म्हणून मोठ्या बोटीला चोवीस. बाराच्या दोन बॅटऱ्या एकीमागे एक जोडायच्या की झाले चोवीस.

याच्याही वर जाता येतं. पवईचा एक इंजिनीअर माझ्याकडे आला होता. त्याला खाडीत फिरायला बॅटरीवर चालणारी छोटी बोट करायची होती, म्हणाला अठ्ठेचाळीस व्होल्ट घेऊ या का? मला वाटलं, आला आता शहाणा. पण तो माणूस खाली बसला, मोटर किती खेचणार, वायर किती लांब, पाणी शिरलं तर काय, सगळं कागदावर मांडलं आणि मला म्हणाला, "काका, चुकत असेन तर ओरडा." त्याचं बरोबर होतं. मोटरच बोट ढकलणार असेल तर अठ्ठेचाळीसच पाहिजे. त्याची बोट मी अगदी झकास करून दिली. ओरडायची वेळ आली नाही.

पास्कूवर मात्र पहिल्या दिवसापासून ओरडत आलो.

पास्कू म्हणजे पास्कल. गोराईचा, माझ्याच वयाचा. स्वतःच्या बोटीचा मालक आणि तांडेलही, म्हणजे बोट तोच चालवायचा. नजर अशी की पाण्यावर तरंगणारा जाळ्याचा बोया आम्हा सगळ्यांच्या आधी त्याला दिसायचा. आम्ही हाताचा पंजा कपाळावर धरून शोधत असायचो आणि हा बिडी ओढत म्हणायचा, "तो काय, दिसत नाय काय तुमाला?" त्याची बायको रेजिना मासळीबाजार बघायची, आणि खरं सांगायचं तर पास्कूलाही तीच बघायची. दोघांच्या घरी मी इतका जेवलोय की रेजिना मला ताट वाढायच्या आधी विचारायचीही नाही.

जुनी होडी मोडून पास्कूनं मोठी बोट बांधायला घेतली. वायरिंगचं काम अर्थातच माझ्याकडे.

"बाराच ठेव ना रे," पास्कू म्हणाला. "जुन्या बोटीचं समदं सामान बाराचं हाय. दिवे, वायरलेस, मासळीचं मशीन, म्युझिक. फेकून देऊ काय?"

"इंजिन कुठलं घेतलंस? सहा सिलिंडरचं. त्याचा स्टार्टरच चोवीसचा आहे. तो बारावर फिरवणार आहेस, की हातानं?"

"मग इंजिनाला चोवीस दे. बाकीच्याला मधून काढ."

मधून काढ! आमच्या धंद्यात हे दोन शब्द ऐकले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. गोराई घ्या, मनोरी घ्या, कुठल्याही बंदरावर जा, हा सल्ला फुकट मिळतो. दोन बॅटऱ्या जोडून चोवीस होतात, तर दोघींच्या मधल्या जोडाला एक वायर लावली की एकाच बॅटरीचे बारा आयते हाताशी येतात. दिवा पेटतो, गाणं वाजतं. लावणारा खूश, मालक खूश.

आता त्यात वाईट काय, ते ऐका. इंजिनावर फिरणारा डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना मिळून जेवू घालतो. दोघींचं मिळून पोट भरलं की तो थांबतो. कोण किती जेवली हे त्याला कळत नाही. तुम्ही मधून वीज काढता तेव्हा एकाच बॅटरीला राबवता. ती कायम उपाशी राहते आणि दुसरीच्या घशात डायनामो कोंबत राहतो. ती उकळते, तिचं पाणी उडतं, आणि तिच्यातून जो गॅस निघतो तो एका ठिणगीनं फुटतो. हे मी गोड बोलून सांगितलंय, चित्र काढून सांगितलंय, पाया पडून सांगितलंय. कुणी ऐकलं नाही, म्हणून ओरडायला लागलो.

पास्कूलाही ओरडून सांगितलं. बोट चोवीसची केली. जुन्या सामानासाठी कन्व्हर्टर बसवला. तो दोन्ही बॅटऱ्यांकडून सारखी वीज घेतो आणि बारा करून देतो. दिवे, वायरलेस, मासळीचं मशीन, सगळं त्यावर. "आणि म्युझिक?" पास्कूनं विचारलं. त्याचा स्पीकर म्हणजे काय, लग्नाच्या मांडवातला. कन्व्हर्टरला तो झेपला नसता. मी म्हटलं, त्याला वेगळी बॅटरी ठेव, घरी चार्ज कर, बोटीवर ने. मधून काढलंस तर माझ्याशी गाठ आहे. तो मान हलवून हो म्हणाला.

गोराईत नवी बोट पाण्यात उतरते तेव्हा फादर येतात, प्रार्थना म्हणतात, बोटीवर पवित्र पाणी शिंपडतात. बोटीला फुलं, पताका, दिव्यांच्या माळा. आणि मग म्युझिक. म्युझिकशिवाय बोट उतरवली तर गावात नाक कापलं जातं. मी सहकुटुंब गेलो होतो. रेजिनाचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि कोंबडीचा रस्सा हाणत होतो. गाणं असं वाजत होतं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

मी पास्कूच्या कानात ओरडलो, "हे कुठून घेतलंयस?"

"वेगली बॅटरी हाय! तू सांगितलीस तशी!"

मी माझं जेवण पुढं चालू ठेवलं.

वेगळी बॅटरी वगैरे काही नव्हती. बोरिवली स्टेशनाजवळ गाड्यांना स्पीकर बसवणारा नितीन नावाचा एक महाभाग आहे. पास्कूनं त्याला आदल्या दिवशी बोलावलं होतं. नितीनला बोटीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला दोन बॅटऱ्या दिसल्या, मधला जोड दिसला. लाल वायरीला चिमटा लावला, तो जोडाला अडकवला, दोन मिनिटांत काम फत्ते! आणि जाताना हा शहाणा म्हणतो, "तुमचा वायरमन उगाच भाव खातो." हे मला फार नंतर कळलं. कळलं तेव्हा मी नितीनच्या दुकानासमोर भर रस्त्यात उभा राहून त्याला जे बोललो ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

बोट धंद्याला लागली. पास्कूची डोल जाळी. खाडीच्या तोंडाशी जाळं लावायचं आणि भरती-ओहोटी बदलेपर्यंत नांगर टाकून, इंजिन बंद करून बसायचं. बसलं की म्युझिक. इंजिन बंद, म्हणजे डायनामो बंद, आणि इकडे एक बिचारी बॅटरी गाणी म्हणतेय!

काही महिन्यांनी रेजिनाचा फोन आला. "सुभाष, एका बॅटरीचं पानी सारखं संपतं रे. दुसरीचं नाय संपत."

दुसऱ्या दिवशी गेलो. पेटी उघडली. एक बॅटरी चार्ज होऊन उकळलेली, पाणी आटलेली, दुसरी मेल्यासारखी. रोग तोंडावर लिहिलेला होता. पण मधल्या जोडावर वायर नाही! बोटं फिरवून पाहिलं, पेटीचा कोपरा न् कोपरा पाहिला. डायनामो तपासला, बरोबर होता. मी पास्कूकडे वळलो.

"खरं सांग. मधून काढलंयस?"

"मदर मेरीची शपथ, नाय रे."

रेजिना बाजूलाच उभी होती. तीही नाही म्हणाली. आता सांगा, मी काय करणार? रोग्यानंच डॉक्टरला खोटं सांगितलं तर डॉक्टरनं काय करावं? मला वाटलं, बॅटरीच खराब निघाली. दोन्ही नव्या घालायला लावल्या. नव्या दोन्ही मी स्वतःच्या हातानं जोडल्या, पेटीचं झाकण नीट बंद केलं आणि रेजिनाच्या हातचा चहा पिऊन घरी आलो.

पुढचं मला पास्कूच्या खलाशांनी सांगितलं. नव्या बॅटऱ्यांना काही महिने झाले होते, जाळं लावून बोट नांगरावर होती. गाणी चालली होती. वारा फिरला, पाणी खवळायला लागलं. पास्कूच्या नजरेला ते आधीच दिसलं होतं. तो म्हणाला, चला, जाळं राहू दे, निघू या. चावी फिरवली. इंजिन नुसतं कण्हलं. पुन्हा फिरवली, तेही नाही. बोट नांगरासकट खडकाकडे सरकत होती. पास्कूला वाटलं, म्युझिकची वायर काढली तर सगळी ताकद स्टार्टरला मिळेल. तसा तो मूर्ख नव्हता. पेटीचं झाकण उघडलं, वाकला, आणि मधल्या जोडाचा चिमटा ओढला. घाईत स्पीकर बंद करायचा राहिला होता. चालू वायर ओढली की ठिणगी पडते. उकळलेल्या बॅटरीचा गॅस त्या बंद पेटीत साचलेला होता.

बॅटरी फुटली. ॲसिड सगळं पास्कूच्या तोंडावर.

खलाशांनी पिण्याच्या पाण्याचा ड्रम त्याच्या डोक्यावर रिकामा केला. ते त्यांनी फार चांगलं केलं, डॉक्टरही तेच म्हणाले. दुसऱ्या एका बोटीनं त्यांना ओढत आणलं म्हणून माणसं वाचली आणि बोटही वाचली. पण समुद्रातून गोराई, गोराईहून बोरिवली, तिथून हॉस्पिटल. त्याला वेळ लागतो. एक डोळा गेला. दुसऱ्याला फक्त उजेड आणि अंधार कळतो.

मी हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा त्याच्या तोंडावर पट्ट्या होत्या. मी आलोय म्हटल्यावर त्यानं भिंतीकडे मान वळवली. मला वाटलं, दुखत असेल.

आणि इकडे बंदरावर काय बोलणं चाललेलं? "सुभाषच्या चोवीसनं पास्कूचे डोले खाल्ले." सगळं खापर माझ्या माथी! ज्यांच्या बोटी मी हातानं उभ्या केल्या ते लोक दुकानात येऊन म्हणायला लागले, आमची बाराची करून दे, चोवीस नको, चोवीस वाईट. अरे, चोवीस व्होल्ट म्हणजे काय भूत आहे? त्यानं माणसाला धड झटकाही बसत नाही! मी बंदरावर जाऊन घसा फाटेस्तोवर हे सांगितलं. लोक हसले. एकजण म्हणाला, "चिडू नका हो काका, नशीब असतं एकेकाचं." नशीब! एक वायर लावली आणि ती नशिबानं लावली काय?

मी नाही म्हटलं तर एकानं दुसऱ्याकडून बारा करून घेतलं. मोठं इंजिन, बाराचा स्टार्टर कुठून तरी जमवलेला, आणि वायर जुनीच, बारीक. ती बोट आजही चालते आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही.

पास्कूच्या घरी मी जाणं सोडलं. रागानं नाही, शरमेनं नाही, कसल्या तरी तिसऱ्याच गोष्टीनं. मग एक दिवस रेजिना फेरीबोटीनं इकडे आली, दुकानात शिरली, बसली नाही. बाजाराच्या पिशवीत हात घातला आणि काउंटरवर लाल वायर टाकली. टोकाला चिमटा.

"ही कुठं होती?" मी विचारलं.

"तांदलाच्या डब्यात."

"डब्यात?"

"तू येनार असलास की पास्कू ही काढायचा आन माज्याकडं द्यायचा. मी तांदलात खुपसायची. तू गेलास की परत लावायचा." तिनं वायर माझ्याकडे सरकवली. "त्या दिवशी पन तांदलातच होती. तू पेटीत हात घालून शोधत होतास तवा."

"पण का?"

"तू वरडतोस म्हनून."

मी काय बोललो मला आठवत नाही. बोललो असेन बरंच, कारण शेजारचा चहावाला बघायला आला. माझ्या आवाजाला घाबरून वायर तांदळात? मी काय त्याला खाणार होतो? चार शिव्या घातल्या असत्या, वायर तोडून खाडीत फेकली असती, आणि पास्कू आज बोया बघत असता! जी वायर तो माझ्यापासून लपवायला बंदरात सगळं बंद करून इतक्यांदा काढत होता, तीच त्यानं त्या दिवशी चालू असताना ओढली. हाताला सवय झालेली होती.

लोक मला म्हणतात, सुभाषराव, जरा गोडीनं घेतलं असतंत तर. यावर माझ्याकडे उत्तर आहे, आणि ते मी वर लिहिलंही आहे. पण त्या दिवशी पुढं हात चालेनात, शटर ओढून घरी गेलो आणि बायकोला हे सांगताना मला रडू आलं, तेही लिहून टाकतो.

रेजिना मात्र रडायला आली नव्हती. माझं ओरडणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "झालं? आता ऐक. बोट परत पान्यात घालायची हाय. दीर चालवनार. समदे बोलतात बारा कर. तू सांग."

"इंजिन तेच आहे?"

"तेच."

"मग चोवीस."

"मग चोवीस. पन म्युझिक पायजे. म्युझिक नसलं तर खलाशी येत नाय बोटीवर."

मी मोठा कन्व्हर्टर बसवला, लग्नाच्या मांडवाला पुरेल असा. बॅटरीची पेटी वर घेतली, हवा खेळेल अशी केली. पेटीला कुलूप लावलं नाही. कुलूप लावलं की लोक कुलूप तोडतात. काम चाललं होतं तेव्हा पास्कू काळा चष्मा लावून काठावर बसलेला असायचा. आम्ही बोलत नव्हतो. शेवटच्या दिवशी तो भावाचा खांदा धरून बोटीवर चढला आणि म्हणाला, "सुभाष, माजा हात ठेव त्यावर." मी त्याचा हात धरून मधल्या जोडावर ठेवला. त्यानं इकडून तिकडे बोट फिरवलं, खालून फिरवलं, वरून फिरवलं. "बरं," म्हणाला.

तेव्हापासून बोट निघायच्या आधी पास्कू पेटीपाशी जातो आणि बोटं फिरवून बघतो. त्याशिवाय बोट सुटत नाही. गावातल्यांना आधी हसू यायचं. आता दुसऱ्या एकदोन बोटवालेही त्याला हात धरून आपल्या बोटीवर नेतात.

दुकान कायमचं बंद केल्यावरही मी कधीमधी तिकडे जातो. गेल्या मोसमात असाच गेलो होतो. पास्कूनं पेटीत हात घातला आणि थांबला. बोटांना काहीतरी लागलं होतं. त्यानं आधी विचारलं, "समदं बंद हाय काय?" भावानं मेन स्विच पाडला. मग पास्कूनं वायर ओढून वर काढली. काळी, बारीक.

"कोनी लावली?"

एक खलाशी पुढं झाला. नवीनच लागलेला, चाळिशीचा बाप्या. "मामा, फक्त मोबाइल लावला चार्जिंगला. मोबाइलला कितीसं लागतं?"

माझं तोंड उघडलंच होतं. पास्कूनं माझ्या दंडावर हात दाबला. मग चष्मा काढला आणि आवाज आला तिकडे तोंड केलं.

"जवल ये," तो म्हणाला. "नीट बघ. माजं पन फक्त म्युझिकच होतं."